देणाऱ्याची सही

"मशीन तुझं असेल, पण घर कुणाचं आहे?"

"घर तुझं, दादा. मशीन माझं. आणि अक्कल कुणाकडे गहाण टाकलीस तेवढं आठवून सांग."

"तोंड सांभाळ. ते मशीन आता देवाच्या कामाला लागलंय."

"देवाला शिवता येतं?"

"हे बघ, असलं बोलणं माझ्या घरात—"

"नाही, येत असेल तर माझी काही तक्रार नाही. सोमवारी सकाळी दवाखान्यात बावीस झगे पोचवायचेत. नऊ नुसते कापून पडलेत. त्याला म्हणावं, बाह्या तेवढ्या जोडून दे. गळे मी हातानं करीन."

गुरुवारची संध्याकाळ होती, सहा वाजले असतील. आत्या दवाखान्यातून नर्सबायांची मापं घेऊन नुकतीच आली होती. टेप अजून गळ्यात, पिशवी अजून खांद्याला. आणि ती उभी होती ती बरोबर खिडकीखालच्या मोकळ्या जागेत, जिथे नऊ वर्षं तिचं शिलाई मशीन होतं. स्टँडच्या चार पायांनी फरशीवर चार डाग पाडले होते. त्या चार डागांच्या मधोमध ती अशी उभी होती, की वाटावं आता हिच्याच पायाखाली पायडल हलायला लागेल.

समोर खुर्चीत माझे बाबा. आत्याचे 'दादा', आणि बाकीच्या जगासाठी 'प्रतिनिधी'. गळ्यात निळी दोरी, दोरीला बिल्ला, बिल्ल्यावर संस्थेचं नाव आणि त्याखाली बाबांचा फोटो. त्या फोटोत ते इतके दयाळू दिसतात की ओळखू येत नाहीत.

"हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायची तुझी खोड जुनी आहे," आत्या म्हणाली. "लहानपणी माझी बाहुली शेजारच्या पोरीला दिलीस आणि आईकडून शाबासकी घेतलीस. तेव्हा तू आठ वर्षांचा होतास. आता साठीच्या वर गेलास. एखादा दिवस तरी स्वतःचं काही दे की रे."

बाबांनी बिल्ला सरळ केला. त्यांना उत्तर सुचलं नाही की ते बिल्ला सरळ करतात.

हा बिल्ला कसा आला ते आधी सांगते, म्हणजे माणूस कळेल.

बाबांनी एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीमागे काढली. त्या खिडकीतून किती नळांना पाणी आलं ते मला माहीत नाही. 'अर्ज अपुरा आहे' हे वाक्य मात्र ते झोपेतही बोलत. तारीख नाही, अर्ज अपुरा. जोडपत्र नाही, अर्ज अपुरा. सही रेघेच्या वर, अर्ज अपुरा. निवृत्त झाले आणि खिडकी गेली. त्यानंतर तीन महिने आमच्या घराची बेल वाजली की बाबा दार वीतभरच उघडायचे, फटीतून चेहरा काढायचे आणि म्हणायचे, "काय काम?" दूधवाल्यालासुद्धा.

मग त्यांनी मोर्चा चर्चकडे वळवला. गायकवृंदात त्यांना आधी पहिल्या रांगेत उभं केलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. तिसऱ्या रांगेमागे भिंत होती, म्हणून ते थांबलं. पंचमंडळाच्या निवडणुकीला उभे राहिले, तर चार मतं पडली. ती चार माणसं कोण, हे ते अजून शोधताहेत, आणि ती चार माणसं अजून कबूल होत नाहीत. दारात उभं राहून लोकांचं स्वागत करायचं काम मिळालं, तर लोक बाजूच्या दारानं यायला लागले.

अशात एका रविवारी पाळकसाहेबांनी जाहीर केलं, की आपत्तीत सापडलेल्यांना मदत करणाऱ्या एका ख्रिस्ती संस्थेला प्रत्येक चर्चमधून एक प्रतिनिधी हवाय. बिनपगारी, मनापासून करणारा. "कोण पुढे येईल?" सगळी मंडळी आपापले बूट निरखायला लागली. बाबांचा हात वर गेला. आता खरी गोष्ट अशी, की त्यांच्या मानेवर वारा येत होता आणि त्यांना खिडकी लावून घ्यायची होती. पण पाळकसाहेब मोठ्यांदा म्हणाले, "देवाची स्तुती असो!" टाळ्या पडल्या. खिडकी उघडीच राहिली.

तेव्हापासून बाबा सगळ्यांना सांगतात, "मला हाक आली." मी शेजारी बसले होते. हाक नव्हती, झुळूक होती.

संस्था चांगली आहे, हे सांगायलाच हवं. कुठे पूर आला, जमीन हादरली, की तिची माणसं तंबू आणि पाण्याच्या टाक्या घेऊन खरंच पोचतात. त्यात बाबांचा काही दोष नाही. प्रतिनिधीकडून तिची अपेक्षाही बेताची. वर्षातून चारदा एक पाकीट येतं. त्यात भिंतीवर लावायचे दोन कागद, प्रार्थनेसाठी काही विषय, आणि एक नम्र चिठ्ठी असते: जमेल तेव्हा मंडळीशी तीन मिनिटं बोला.

बाबांची तीन मिनिटं चौदा मिनिटांची असतात. शनिवारी कपाटाच्या आरशासमोर तालीम चालते. डाव्या खिशात कोरा रुमाल, तो डोळ्यांसाठी. उजव्या खिशातला नाकासाठी. सातव्या मिनिटाला आवाज फुटतो, नवव्याला डावा रुमाल निघतो. एकदा घाईत उजवा निघाला आणि पहिल्या रांगेतल्या लोकांची श्रद्धा डळमळली. बैठकीच्या खोलीत नकाशा लावलाय, त्यावर टाचण्या. जगातल्या कुठल्या नदीला कधी पूर आला ते बाबा घडाघडा सांगतात. आमच्याच जिन्याखाली राहणाऱ्या म्हातारीच्या स्वयंपाकघरात वर्षभर पाणी गळतंय, ते त्यांना ठाऊक नाही. ठाऊक असतं तरी अर्ज अपुराच निघाला असता.

आणि भाषणाचा शेवट ठरलेला. माईक तोंडाशी, आवाज खाली, एक हात पाचव्या रांगेकडे. "आणि बंधुभगिनींनो, दूर कशाला जायचं? माझ्या स्वतःच्या छपराखाली एका निराधार बहिणीला..."

मंडळीच्या माना वळतात. पाचव्या रांगेत आत्या पिशवीत काहीतरी शोधायला लागते. दर वेळी शोधते. त्या पिशवीत कात्री, खडू, सुयांची डबी, छोटा स्क्रूड्रायव्हर आणि एक तेलाची कुपी असते, आणि ते सगळं तिला न बघता सापडतं.

ही निराधार बहीण आमच्याकडे आली कशी? मी अकरा वर्षांची असताना माझी आई गेली. दहा दिवसांत घरात भांडं उरलं नाही घासलेलं. बाबांनी धाकट्या बहिणीला फोन केला, "दोन महिने ये." तिचं दुसऱ्या गावात दुकान होतं. एक दार, एक खिडकी, वर पाटी, पण पाटीवर नाव तिचं. तिनं दुकानाला कुलूप लावलं आणि आली. मशीनचा स्टँड टेम्पोत टाकला, पण वरचं मशीन तिनं मांडीवर घेतलं, सबंध रस्ताभर, कारण टेम्पोवाला खड्डे बघून चालवणारा नव्हता. दोन महिन्यांची नऊ वर्षं झाली. माझे ताप, माझे गणिताचे पेपर, बाबांचं पथ्य, सगळं त्यात गेलं. दुकान तर गेलंच. बाबांच्या शर्टांच्या कॉलरी झिजल्या की ती उसवून, उलटवून परत शिवायची, की शर्ट नवा. तिनं उलटवलेल्या कॉलरीत मान ताठ ठेवून ते तिला निराधार म्हणायचे. आमच्या घरात निराधार म्हणजे जिच्या आधारावर बाकीचे उभे आहेत ती.

तर गेल्या मंगळवारी, सकाळचा चहा पिताना, आत्या म्हणाली, "दादा, मी खोली बघितलीय."

"कसली खोली?"

"राहायची. बुकबाइंडरच्या दुकानावर. मोठी खिडकी आहे उत्तरेला, दिवसभर उजेड. कोपऱ्यात नळ. पहिल्या तारखेला जाईन म्हणते."

बाबांचं बिस्किट चहात पडलं. "जाईन म्हणजे?"

"जाईन म्हणजे जाईन. पोरगी वीस वर्षांची झाली. माझं काम झालं. दवाखान्यानं झग्यांची ऑर्डर दिलीय, पसंत पडले तर वर्षभराचं सगळं शिवण माझ्याकडे. चादरी, पडदे, सगळं. माझ्या नावावर."

"लोक काय म्हणतील? प्रतिनिधीची बहीण बुकबाइंडरच्या डोक्यावर राहते?"

"म्हणतील, बुकबाइंडरचं डोकं मजबूत आहे."

मी हसले. बाबा हसले नाहीत. चमच्यानं बिस्किट शोधत राहिले. मग विचारलं, "मशीन घेऊन जाणार?"

"नाहीतर काय दातांनी शिवू?"

एवढंच. मला वाटलं, विषय मिटला.

या वर्षी संस्थेनं चर्चांना हत्यारं गोळा करायला सांगितलं होतं. करवती, हातोड्या, शिलाई मशीनं, जे घरात नुसतं पडलंय ते द्या. आम्ही दुरुस्त करू, आणि ज्यांचं सगळं वाहून गेलंय त्यांच्या हाताला काम देऊ. कल्पना सोन्यासारखी. आमच्या मंडळीनं तिचं काय केलं? दात पडलेल्या तीन करवती आल्या. एक हातोडी आली, तिचा दांडा एका घरचा आणि डोकं दुसऱ्या घरचं. एक पक्कड आली, ती गंजून अशी मिटली होती, की जणू कायमची प्रार्थनेला बसलीय. आणि वायर नसलेली एक इस्त्री. भंगारवाल्यानं जे जे नाकारलं ते ते देवाला वाहिलेलं.

बाबांनी बुधवारी संस्थेच्या कचेरीत फोन लावला. मी आतून ऐकत होते. "हो हो, उत्तम प्रतिसाद. एक चालू शिलाई मशीनसुद्धा. चालू म्हणजे काय, घरातलंच आहे! नाही नाही, त्याग वगैरे काही नाही... आपण स्वतः येणार? रविवारी? अहो, हे तर आमचं भाग्य."

गुरुवारी दुपारी आत्या दवाखान्यात गेली आणि बाबा माझ्या खोलीच्या दारात आले. "जरा हात दे. मशीन खाली न्यायचंय."

"आत्याचं?"

"माझं तिच्याशी बोलणं झालंय."

"ती हो म्हणाली?"

"म्हणाली, ने."

आता मला सगळं माहीत होतं. खोली माहीत, ऑर्डर माहीत, कोपऱ्यातले नऊ कापलेले झगे तर डोळ्यांसमोर होते. पण बाबांनी एक टोक धरलं होतं आणि दुसरं मोकळं होतं. मी ते धरलं. दोन जिने उतरवलं. वाटेत स्टँडचा छोटा खण उघडला आणि एक बॉबिन बाहेर पडली, टणटण करत शेवटच्या पायरीपर्यंत गेली. मी ती उचलून खिशात टाकली. पुढचे तीन दिवस बाबांना तुच्छ लेखताना ती माझ्या खिशात होती, हे मी विसरले नाही.

तर गुरुवारच्या संध्याकाळी आत्या त्या चार डागांत उभी.

"अर्ज दाखव," ती म्हणाली.

"कसला अर्ज?"

"तू अर्जाशिवाय शिंकत नाहीस. दाखव."

बाबांनी दाखवला. अभिमानानं दाखवला, हे विशेष. वस्तू: शिलाई मशीन. स्थिती: चालू. देणाऱ्याचं नाव: प्रतिनिधी व कुटुंब. देणाऱ्याची सही: बाबांची, लांबलचक, शेपटीला दोन ठिपके.

आत्यानं दोनदा वाचला. "एकतीस वर्षं लोकांचे अर्ज सहीपायी परत पाठवलेस ना रे?"

"मी कुटुंबप्रमुख आहे."

"बॉबिन कुठून भरतात ते सांग, कुटुंबप्रमुख."

"फालतू प्रश्न विचारू नकोस."

"उद्या परत आण."

"चर्चच्या फळ्यावर लिहिलंय, 'प्रतिनिधींच्या घरून'."

"खडूनंच लिहिलंय ना? ओला बोळा फिरव."

"संस्थेच्या समन्वयक बाई स्वतः येतायत! त्यांना काय ती पक्कड दाखवू?"

"मग मी सांगते त्यांना."

"सांग ना, सांग!" बाबा उठले, एक हात छातीवर, अगदी नवव्या मिनिटातला आवाज. "भर उपासनेत सख्ख्या भावाची अब्रू वेशीवर टांग! नऊ वर्षं ज्यानं सांभाळलं—"

"कुणी कुणाला?"

"—त्याचे असे पांग फेड!" मग हात खाली आला, आवाजही. "झगे हातानं शिव. पूर्वीच्या बायका हातानंच शिवायच्या. आणि त्या खोलीचं... आता तशी घाई काय आहे? मशीन नाही तर एवढा उजेड घेऊन करणार काय? राहा इथंच. मी काय नको म्हणतोय?"

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. इतका वेळ तिला वाटत होतं, भावानं मशीन मोठेपणासाठी दिलं. आत्ता तिला कळलं, की मोठेपणा त्याला फुकटात मिळाला. त्यानं नेली होती ती खोली. टेप गळ्यातून काढून तिनं बोटांभोवती गुंडाळला, घट्ट, आणि आत निघून गेली.

मशीन चर्चच्या गोदामात, आणि गोदामाची किल्ली बाबांकडे, बिल्ल्याच्याच दोरीला. ती दोरी ते फक्त आंघोळीला काढतात, आणि काढली तरी न्हाणीघरातच खुंटीला लावतात.

शुक्रवार आणि शनिवार आत्या खिडकीशी बसून हातानं बाह्या जोडत होती. मी दोरा ओवून देत होते.

"आत्या, दुसरं टोक मी धरलं होतं."

"माहितीये. त्याला एकट्याला दुधाची पिशवी उचलत नाही."

"तू चिडली नाहीस?"

"चिडलेय. टाके मोज, बोलू नकोस."

शनिवारी दुपारी नऊपैकी चार झाले आणि तिचं बोट सुजलं. तिनं सुई ठेवली, स्वयंपाकघरातला सगळ्यात खालचा खण उघडला आणि लाकडी मूठ असलेला एक लोखंडी दांडा काढला. कुपीतलं तेल लावून पुसायला लागली. मी ओळखला तो. बाबांनी नकाशाचा खिळा त्यानंच ठोकला होता.

"हे काय आहे?"

"मशीनच्या चाकाला बसतं. हातानं फिरवायचं. मग स्टँड लागत नाही, पट्टा लागत नाही. टेबलावर ठेवलं की झालं. दुकानात वीसेक महिने मी अशीच शिवत होते, स्टँड नंतर घेतला." तिनं दांडा कापडात गुंडाळला. "नऊ वर्षं घरात आहे आणि त्याला वाटतं हातोडी आहे."

रविवारी ती नेहमीसारखी पाचव्या रांगेत बसली. फक्त पिशवी रोजच्यापेक्षा जड होती.

समोर वेदीच्या पायऱ्यांपाशी टेबल, त्यावर पांढरा कपडा, त्यावर करवती, हातोडी, इस्त्री. पक्कड जरा मागे, लाजल्यासारखी. आणि मधोमध आत्याचं मशीन, स्टँडवर, निळी फीत बांधून. फितीला चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा: एक. दुसरं मशीन नव्हतंच.

समन्वयक बाई प्रवासानं धुळकटलेल्या बुटांनिशी तशाच आल्या. पाठीवर पिशवी, हातात पेन. बाबांचं भाषण सुरू झालं आणि त्यांनी टेबलाचा ताबा घेतला. हातोडी उचलली, डोकं निखळलं, बाजूला ठेवली. पक्कड उचलली, ठेवली. मशीनचं चाक मात्र दोन बोटांनी फिरवलं आणि त्यांचा चेहरा बदलला. सुईखाली बोट फिरवलं, वास घेतला.

"हे कोण वापरतं?" बाबांच्या सातव्या मिनिटात त्यांनी मध्येच विचारलं.

"घरचंच आहे," बाबा माईकमध्ये म्हणाले.

"ते कळलं. वापरतं कोण? तेल या आठवड्यातलं आहे. पडून असलेलं मशीन नाही हे."

मंडळीत चुळबुळ झाली. बाईंनी अर्ज उचलला. "सही तुमची आहे. शिवता तुम्ही?"

मागच्या रांगेत कुणीतरी फसकन हसलं. बहुधा त्या चार मतदारांपैकी एक.

"मी कुटुंबप्रमुख—"

"आमच्याकडे ज्याचं हत्यार त्याची सही लागते. नाहीतर अर्ज अपुरा."

अर्ज अपुरा! एकतीस वर्षं बाबांनी दुसऱ्यांना दिलेलं वाक्य, ते पहिल्यांदाच त्यांच्या खिडकीतून आत आलं. त्यांनी बिल्ला सरळ केला. परत केला. दुसरा कुणी असता तर ओशाळून म्हणाला असता, चुकलो, बहिणीचं आहे, परत नेतो. चार शब्दांचं काम. पण बाबांच्या हातात माईक होता.

"बंधुभगिनींनो!" त्यांनी इतक्या जोरात म्हटलं की माईक किंचाळला. "हीच तर आनंदाची बातमी मी शेवटासाठी राखून ठेवली होती! हे मशीन दूर जाणार नाही! संस्थेच्या वतीनं, माझ्या हस्ते, ते आपल्याच एका निराधार बहिणीला भेट म्हणून देण्यात येणार आहे!" आणि हात पाचव्या रांगेकडे.

आत्याचं मशीन आत्याला. भावाकडून, दान म्हणून.

पाळकसाहेब "आमेन" म्हणाले, टाळ्या सुरू झाल्या. आमच्या मंडळीला कळलं नाही की ती टाळ्या वाजवते. कुणीतरी फोटोसाठी मोबाईल काढला. बाई गोंधळल्या, पण भल्या होत्या. खाली उतरून पाचव्या रांगेशी आल्या. "ताई, असंही करता येतं. घेणाऱ्याच्या रकान्यात तुमची सही, आणि मशीन आज घरी. तुमची हरकत नसेल तर."

"आणि नियम आहे," बाबा वरून म्हणाले. त्यांना अर्जाच्या मागची बारीक अक्षरं पाठ. "दिलेली वस्तू अर्जातल्याच पत्त्यावर राहील. प्रतिनिधीच्या देखरेखीखाली. पत्ता बदलला तर वस्तू परत." आणि ते हसले, बिल्ल्यावरच्या फोटोसारखे.

पत्ता आमच्या घराचा होता.

आत्या उठली. रांगेतले गुडघे बाजूला झाले. ती पायऱ्यांपाशी गेली तशा टाळ्या वाढल्या. बाबांनी एक हात मशीनवर ठेवला, दुसऱ्यानं पेन पुढे केलं आणि चेहरा मोबाईलकडे वळवला.

आत्यानं पेन घेतलं आणि पक्कडीशेजारी ठेवलं. पिशवीत हात घातला. या वेळी ती काही शोधत नव्हती. स्क्रूड्रायव्हर काढला. निळी फीत कात्रीनं कापली. चाकावरचा पट्टा बोटानं उतरवला. मशीन मागे कलतं केलं, बाबांचा हात तेव्हा आपोआप निघाला, आणि खालचे दोन स्क्रू सैल करायला लागली. टाळ्या एकेक करून थांबल्या. स्क्रू जुने होते. दुसरा फिरेना. सबंध चर्च त्या स्क्रूची कुरकुर ऐकत होतं. शेवटी फिरला.

"अगं, काय करतेस?" बाबा म्हणाले. "फोटो..."

तिनं वरचं मशीन उचललं, टेबलावरच्या पांढऱ्या कपड्यात गुंडाळलं, त्यासाठी करवती खाली ठेवाव्या लागल्या त्या नीट ठेवल्या, आणि गाठोडं पोटाशी धरलं. रिकामा स्टँड तिथेच राहिला, मधोमध चौकोनी भोक, कडेला कापलेल्या फितीवर लटकलेला आकडा एक. बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा अर्जाकडे, आणि अर्जावर आडवी रेघ मारली.

आत्या रांगांमधून दाराकडे निघाली. मी कडेला बसले होते. ती जवळ आली तेव्हा मी खिशातली बॉबिन काढून तिच्या पिशवीत टाकली. तिनं पाहिलं की नाही, कुणास ठाऊक. तिचं लक्ष वजनाकडे होतं.

बाबांनी आवाज खाली केला, अगदी कानात बोलावं तसा. माईक हातातच आहे हे त्यांच्या लक्षात नव्हतं, त्यामुळे ती कुजबूज छताला लागून सगळ्या चर्चवर पसरली.

"अगं, घरीच जातेयस ना?"

दार जड होतं. आत्यानं ते पाठीनं ढकललं, गाठोडं जरा वर सरकवलं आणि बाहेर पडली.